केळीची मर आणि जनुकांची वेळ

सोलापूर जिल्ह्यातील शेतकऱ्याला ‘मर’ हा शब्द नवा नाही. रब्बीत हरभऱ्याची मर, खरिपात तुरीची मर आणि सांगोल्याकडे डाळिंबाची मर त्याने पाहिलेली असते. भरात आलेले झाड मान टाकते, पाणी दिले तरी सावरत नाही आणि उपटून चिरले तर आतला भाग तपकिरी पडलेला दिसतो. उजनीच्या पाण्यावर करमाळा, माढा आणि माळशिरस या तालुक्यांत केळीच्या बागा उभ्या राहिल्या, कंदर परिसरातून केळीचे कंटेनर आखाती देशांकडे रवाना होऊ लागले, आणि त्याबरोबर आणखी एक मर नीट समजून घेण्याची गरज निर्माण झाली. तिला पनामा मर म्हणतात. तिच्यावर काय फवारावे, हा या लेखाचा विषय नाही. बुरशी मुळात शिरल्यावर झाडाच्या पेशींत काय घडते, कोणती जनुके जागी होतात आणि एकच बुरशी एका जातीला संपवते तर दुसरीचे काहीच बिघडवू शकत नाही ते का, हे येथे पाहायचे आहे.

प्रथम शत्रूची ओळख. डाळिंबाच्या मरीत मुख्य दोषी असते ती सेरॅटोसिस्टिस ही वेगळ्याच कुळातील बुरशी. हरभऱ्याची आणि केळीची मर मात्र एकाच प्रजातीच्या बुरशीमुळे होते, तिचे नाव फ्युजेरियम ऑक्सिस्पोरम. असे असूनही हरभऱ्याला मारणारा तिचा प्रकार केळीला इजा करत नाही आणि केळीला मारणारा प्रकार हरभऱ्याला मारत नाही. प्रत्येक प्रकाराजवळ आपापल्या पिकाचे संरक्षण भेदण्यासाठी लागणारी प्रथिने असतात आणि ती प्रथिने बनवणारी जनुके प्रकारागणिक बदलतात. केळीवरच्या प्रकारातही पुन्हा पोटभेद आहेत, त्यांना रेस म्हणतात. रेस १ ने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मध्य अमेरिकेतील ग्रो मिशेल या त्या काळच्या निर्यातीच्या जातीच्या बागा उद्ध्वस्त केल्या आणि १९५० ते १९६० च्या दशकांत व्यापाऱ्यांना ती जात सोडून कॅव्हेंडिश गटाकडे वळावे लागले. आपली बसराई, श्रीमंती आणि आज सर्वत्र लावली जाणारी ग्रँड नैन, म्हणजे शेतकऱ्यांची जी-९, या साऱ्या याच गटातल्या आहेत. रेस १ ला हा गट दाद देत नाही. परंतु टीआर-४ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या दुसऱ्या पोटभेदापुढे हाच गट हतबल ठरतो. आग्नेय आशियातून हा पोटभेद १९९७ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या उत्तर भागात, २०१३ मध्ये मोझांबिकमध्ये आणि २०१९ मध्ये कोलंबियात आढळला. भारतात बिहार, उत्तर प्रदेश, गुजरात आणि मध्य प्रदेशातील बुऱ्हाणपूर येथून त्याच्या नोंदी आल्या आहेत. बुऱ्हाणपूर हा जळगावला लागून असलेला जिल्हा आहे, हे महाराष्ट्रातील बागायतदाराने विसरू नये.

आता मुळाशी जाऊ. या बुरशीचे जाड कवचाचे बीजाणू मातीत कित्येक वर्षे, काही ठिकाणी तर दोन-तीन दशके, निपचित पडून राहतात. केळीचे कोवळे मूळ जवळून गेले की त्यातून पाझरणाऱ्या द्रव्यांमुळे बीजाणू रुजतो, त्याचा तंतू मुळाच्या सालीतून आत शिरतो आणि पाणी वर नेणाऱ्या जलवाहिन्यांपर्यंत पोहोचतो. तेथे तो नवे, हलके बीजाणू तयार करतो आणि ते वाहत्या रसाबरोबर वर जातात. वाहिनीत ठरावीक अंतरावर जाळीदार पडदे असतात. बीजाणू तेथे अडकतो, रुजतो, पडद्यापलीकडे जातो आणि पुन्हा बीजाणू सोडतो. अशा टप्प्याटप्प्याने बुरशी मुळातून कंदात आणि कंदातून खोडात चढते.

या चढाईला झाडाचे पहिले उत्तर असते वाहिनी बंद करण्याचे. ज्याने कालव्याचे पाणी घेतले आहे त्याला हे लगेच उमगेल. चारीत कुठेतरी दूषित पाणी शिरले आहे असे कळताच त्या चारीचे दार पाडले, तर दोन-चार वाफे कोरडे राहतात पण बाकीचे शिवार वाचते. केळही असेच करते. बाधित वाहिनीत ती आधी चिकट जेल सोडते, मग शेजारच्या जिवंत पेशी फुग्यासारख्या वाहिनीत फुगून येतात आणि त्यांच्या भिंतींवर लिग्निनचा, म्हणजे लाकडाला कडकपणा देणाऱ्या द्रव्याचा थर चढतो. प्रतिकारक जातीत ही दारे मुळाच्या पातळीवरच आणि काही दिवसांतच पडतात. बळी पडणाऱ्या जातीतही दारे पडतात, पण तोपर्यंत बीजाणू पुढे गेलेले असतात. मग वरची दारे पडतात, नंतर त्याहूनही वरची, आणि शेवटी झाड इतक्या वाहिन्या बंद करून बसते की पानांना पाणीच पोहोचत नाही. खालची पाने कडेने पिवळी पडतात, देठाशी मोडून खोडाभोवती लोंबतात, बुंधा उभा चिरतो. म्हणजे ज्याला आपण मर म्हणतो त्यात बुरशीच्या कामाबरोबर झाडाच्या उशिरा झालेल्या बचावाचाही मोठा वाटा असतो. या रोगाविषयी एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ती ही : दोन्ही जातींकडे हत्यारे जवळजवळ सारखीच असतात, फरक पडतो तो ती कधी आणि किती जोमाने उचलली जातात यामुळे.

हत्यार कधी उचलायचे हे कोण ठरवते? येथे जनुकांचा संबंध येतो. जनुक म्हणजे एक विशिष्ट प्रथिन बनवण्याची नोंद. झाडाच्या मुळातील पेशी असो की पानातील, प्रत्येकीत सर्व नोंदींचे पूर्ण दप्तर असते, पण सगळ्या नोंदी सगळ्या वेळी वापरात नसतात. गावाच्या जमिनीचे दप्तर जसे तलाठ्याकडे असते आणि ज्या गटाचे काम निघेल त्याच गटाचा सातबारा उतारा काढला जातो, तसेच पेशी गरजेपुरत्या नोंदींच्या प्रती काढते. या प्रतींना आरएनए म्हणतात. प्रत पेशीच्या कारखान्यात जाते आणि तिच्याबरहुकूम प्रथिन तयार होते. एखाद्या जनुकाच्या प्रती जास्त निघत असतील तर ते जागे आहे, कमी निघत असतील तर ते सुस्त आहे, असे आपण म्हणतो. झाडाचे जनुकीय उत्तर म्हणजे बुरशी येताच कोणत्या नोंदींचे किती उतारे निघाले याचा हिशेब.

बुरशी आल्याची वर्दी अशी लागते. बुरशीच्या पेशीभित्तीत कायटिन नावाचे द्रव्य असते, जे वनस्पतीत नसते. मुळाच्या पेशीच्या पृष्ठभागावर कायटिनचे तुकडे ओळखणारी ग्राहक प्रथिने बसलेली असतात. तुकडा चिकटला की काही मिनिटांत कॅल्शियम पेशीत धावते, हायड्रोजन पेरॉक्साइडसारखी तिखट ऑक्सिजन संयुगे तयार होतात आणि एकामागून एक प्रथिने जागी होत निरोप पेशीच्या केंद्रकापर्यंत पोहोचतो. तेथे डब्ल्यूआरकेवाय या गटातील नियामक प्रथिने संरक्षणाच्या जनुकांवर जाऊन बसतात आणि उतारे काढायला लावतात. यातून बुरशीची भिंत विरघळवणारी कायटिनेज आणि ग्लुकानेज ही विकरे, लिग्निन बनवणाऱ्या साखळीतील पीएएल आणि पेरॉक्सिडेज ही विकरे आणि बुरशीला विषारी ठरणारी फिनॉल संयुगे तयार होतात. सॅलिसिलिक आम्ल, जास्मोनिक आम्ल आणि इथिलीन ही संप्रेरके या सर्व कामाचा तोल सांभाळतात. केळी पिकवण्याच्या खोलीत ज्या इथिलीनचा उपयोग केला जातो, तेच इथिलीन मुळात संरक्षणाचा निरोपही वाहते.

संप्रेरकांचा हा तोल नाजूक असतो. फ्युजेरियम सुरुवातीला जिवंत पेशींच्या सोबतीने राहते आणि नंतर पेशी मारून त्यावर जगते. साधारणपणे सॅलिसिलिक आम्लाची वाट पहिल्या प्रकारच्या शत्रूवर चालते, तर जास्मोनिक आम्ल आणि इथिलीनची वाट दुसऱ्या प्रकारच्या शत्रूवर. या वाटा पुष्कळदा एकमेकींना दाबतात. त्यामुळे झाडाने शत्रूची अवस्था ओळखून योग्य वेळी वाट बदलणे आवश्यक असते. पुन्हा प्रश्न वेळेचाच येतो.

बुरशी या सगळ्याला निमूटपणे तोंड देत नाही. ती जलवाहिनीत लहान लहान प्रथिने सोडते. टोमॅटोच्या मरीचा अभ्यास करताना ती प्रथम सापडली आणि ‘सिक्स’ या नावाने ओळखली जाऊ लागली. त्यांचे काम झाडाचा निरोप मधेच अडवणे किंवा बिघडवणे हे असते. टीआर-४ मधून यांपैकी सिक्स-१ गटातील एक जनुक काढून टाकले, तेव्हा कॅव्हेंडिशवर रोग करण्याची तिची ताकद फार कमी झाली. या अस्त्राला झाडाकडे जे उत्तर असते ते म्हणजे पेशीच्या आत पहारा देणारी प्रथिने. त्यांच्या जनुकांना एनबीएस-एलआरआर गट असे नाव आहे. हा पहारेकरी शत्रूचे विशिष्ट प्रथिन किंवा त्याने केलेली मोडतोड ओळखतो आणि पहिल्यापेक्षा कितीतरी तीव्र प्रतिकार सुरू करतो. पण तो ज्याला ओळखतो त्यालाच पकडतो. कॅव्हेंडिश रेस १ ला रोखते आणि टीआर-४ पुढे हरते याचे कारण अशा ओळखीच्या फरकात शोधले जात आहे.

हे सारे कसे समजले, ते थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण वृत्तपत्रांतील मथळे येथेच घसरतात. प्रयोगशाळेत प्रतिकारक आणि बळी पडणाऱ्या जातींची एकाच वयाची टिश्यू कल्चर रोपे घेतात, निम्म्या रोपांची मुळे बीजाणूंच्या द्रावणात बुडवतात, उरलेल्यांची साध्या पाण्यात. मग काही तासांनी, एका दिवसाने, दोन दिवसांनी, आठवड्याने मुळांचे नमुने काढून त्यांतील सर्व आरएनए वाचतात आणि प्रत्येक जनुकाचे उतारे मोजतात. अशा तुलनेत एकाच वेळी हजारो जनुकांचे आकडे बदललेले दिसतात. प्रतिकारक जातींत पेशीभित्ती बळकट करणारी, लिग्निन बनवणारी आणि ग्राहक प्रथिनांची जनुके लवकर चढतात, आणि काही जनुके तर बुरशी येण्यापूर्वीच चढ्या पातळीवर असतात. हे चित्र अनेक अभ्यासांत दिसून आले आहे.

तथापि एखाद्या जनुकाचे उतारे वाढले म्हणून त्यानेच रोग थांबवला असे ठरत नाही. घराला आग लागली की धूरही वाढतो आणि पाण्याच्या बादल्याही वाढतात, आणि नुसती संख्या मोजणाऱ्याला त्यातले कोणते आगीचे चिन्ह आणि कोणता उपाय हे सांगता येत नाही. बळी पडणाऱ्या झाडात आठव्या दिवशी संरक्षणाच्या जनुकांचे आकडे प्रतिकारक झाडापेक्षाही जास्त दिसू शकतात, कारण तोपर्यंत त्याच्या मुळात बुरशीच अनेक पटींनी वाढलेली असते. म्हणून खरी परीक्षा पुढे असते. ते जनुक बंद केले तर प्रतिकार जातो का, दुसऱ्या झाडात घातले तर प्रतिकार येतो का, आणि प्रतिकारक व बळी पडणाऱ्या रोपांच्या संकरातून आलेल्या पिढीत रोगप्रतिकार आणि जनुक बरोबरच वारशाने जातात का, हे पाहावे लागते. माझ्या मते ‘मर रोगाचे जनुक सापडले’ ही बातमी वाचताना यांपैकी कोणती परीक्षा झाली, हाच पहिला प्रश्न वाचकाने विचारला पाहिजे.

या परीक्षांना उतरलेले सर्वात ठळक उदाहरण आरजीए-२ या जनुकाचे आहे. ते एनबीएस-एलआरआर गटातील असून मुसा अक्युमिनाटा या केळीच्या प्रजातीच्या मलॅक्सेन्सिस या रानटी उपजातीतून घेतले गेले. क्वीन्सलँड तंत्रज्ञान विद्यापीठातील जेम्स डेल यांच्या गटाने ते कॅव्हेंडिशमध्ये घातले आणि ऑस्ट्रेलियाच्या उत्तर भागात टीआर-४ ने भरलेल्या जमिनीत तीन वर्षे लागवड केली. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार साध्या झाडांपैकी ६७ ते १०० टक्के झाडे मेली किंवा बाधित झाली, तर जनुक घातलेल्या एका वाणाचे एकही झाड बाधित झाले नाही. अधिक विचार करायला लावणारी गोष्ट या निष्कर्षांमागे आहे. हेच जनुक साध्या कॅव्हेंडिशमध्येही मुळात असते! नोंद दप्तरात आहे, पण तिचे उतारे फार थोडे निघतात. नव्या झाडांपैकी सर्वात प्रतिकारक वाणात ते सुमारे दहापट निघत होते आणि ज्या वाणांत जास्त, त्यांत प्रतिकारही जास्त होता. त्यांपैकी क्यूसीएव्ही-४ या वाणाला ऑस्ट्रेलियात २०२४ मध्ये मान्यता मिळाली.

यातून साहजिक विचार पुढे येतो, की बाहेरून जनुक घालण्याऐवजी कॅव्हेंडिशचे स्वतःचे सुस्त आरजीए-२ हे जनुक-संपादनाने, म्हणजे झाडाच्या स्वतःच्या नोंदीतच नेमका बदल करून, जागे करता येईल का. त्या दिशेने काम सुरू आहे. भारतात व्यावसायिक लागवडीत आलेले जनुकीय परिवर्तित पीक आजवर कापूस हेच आहे, परंतु ज्या संपादनात परके जनुक शिल्लक राहत नाही अशा काही प्रकारांना २०२२ मध्ये केंद्र सरकारने कडक नियमांतून सूट दिली. त्यामुळे ही वाट आपल्याकडे तुलनेने मोकळी आहे.

येथे कोणीही विचारील, की हरभऱ्यात मरीला प्रतिकारक जाती साध्या संकरातून झाल्या, राहुरीच्या विद्यापीठाचे विजय आणि दिग्विजय हे वाण आपण पेरतो, मग केळीतच एवढी खटपट कशाला? कारण केळीला बी नाही. रानटी केळीत गुणसूत्रांचे ११ चे दोन संच, म्हणजे २२ गुणसूत्रे असतात, तर कॅव्हेंडिशमध्ये तीन संच, म्हणजे ३३. तीन संचांची समान वाटणी होत नाही, त्यामुळे परागकण आणि बीजांडे निकामी ठरतात आणि फळ बीविना धरते. खाणाऱ्याला हे सोयीचे असले तरी संकर करणाऱ्याची वाट त्याने बंद होते. जी-९ ची झाडे मुनव्यातून किंवा टिश्यू कल्चरमधून येतात, म्हणजे एकाच झाडाची पुनरावृत्ती असतात. कंदरच्या बागेतील झाड आणि इक्वेडोरच्या बागेतील झाड जनुकांच्या दृष्टीने जवळजवळ जुळी भावंडे आहेत, आणि टीआर-४ ला जे उत्तर एक देईल तेच लाखो झाडे देतील. हरभऱ्याच्या संकरात जनुके जशी नव्याने पिसली जातात, तशी केळीच्या बागेत ती पिसली जात नाहीत.

तरीही पूर्ण सारखेपणा कधीच नसतो. टिश्यू कल्चरच्या रोपांत अधूनमधून एखादे वेगळे झाड निघते, पाने वेगळी, घड वेगळा, आणि बागायतदार ते उपटून टाकतो. तैवानमधील केळी संशोधकांनी अशाच वेगळ्या निघालेल्या हजारो रोपांची रोगट जमिनीत चाचणी घेतली आणि त्यातून टीआर-४ ला बरीच दाद न देणारे काही वाण निवडले. फॉर्मोसाना हा त्यांतील परिचित वाण. हे वाण रोग सहन करतात, रोगमुक्त नसतात, आणि काहींचा घड तयार व्हायला जास्त दिवस लागतात. तिसरी वाट रानटी नातेवाइकांची. २०१२ मध्ये ज्या झाडाचा संपूर्ण जनुकसंच प्रथम वाचला गेला आणि ज्यात ३६ हजारांहून अधिक जनुके मोजली गेली, ते पहांग हे मलॅक्सेन्सिस उपजातीचेच झाड आहे आणि ते टीआर-४ ला प्रतिकारक आहे. या उपजातीच्या वारशात प्रतिकाराशी जोडलेले भाग तिसऱ्या आणि दहाव्या गुणसूत्रांवर ओळखले गेले आहेत. अशा खुणांमुळे संकरातून आलेल्या हजारो रोपांतून कोणती ठेवायची हे पानाच्या तुकड्यावरून ठरवता येते, घड येईपर्यंत थांबावे लागत नाही. तिरुचिरापल्लीच्या राष्ट्रीय केळी संशोधन केंद्रासारख्या संस्थांसाठी ही सोय फार मोलाची आहे.

हे सर्व हाती येईपर्यंत बागायतदाराजवळ असलेले झाड तेच जुने जी-९ आहे, ज्याचा निरोप उशिरा पोहोचतो. बुरशीनाशक त्याला वाचवू शकत नाही, कारण शत्रू वाहिनीच्या आत आणि बीजाणू मातीत असतो. लखनौच्या केंद्रीय उपोष्ण फलोत्पादन संस्थेने कर्नालच्या मृदा लवणता संस्थेबरोबर विकसित केलेले फ्युसिकॉन्ट हे ट्रायकोडर्मावर आधारित जैविक द्रावण बिहार आणि उत्तर प्रदेशात वापरले गेले आहे. अशा मित्रबुरशीचा एक उपयोग नेमका आपल्या विषयाशी जुळतो : ती मुळाभोवती वाढते तेव्हा झाडाची संरक्षण-जनुके थोडी आधीच सावध होतात आणि खरा शत्रू येतो तेव्हा उतारे लवकर निघतात. जमिनीचा सामूही महत्त्वाचा ठरतो. आम्लधर्मी जमिनीत हा रोग सहसा अधिक बळावतो आणि सोलापूरची काळी जमीन बहुधा विम्लधर्मी आहे, पण त्या भरवशावर निश्चिंत राहणे चूक ठरेल, कारण तापीकाठच्या बुऱ्हाणपूरची जमीनही काळीच आहे.

राहते ती बीजाणूला शिवाराबाहेर ठेवण्याची काळजी. रोगाच्या भागातून मुनवे किंवा कंद आणू नयेत, खात्रीच्या प्रयोगशाळेचीच रोपे घ्यावीत, आणि बाहेरगावाहून येणारा ट्रॅक्टर, तोडणीच्या टोळीचे कोयते आणि चपलांना चिकटलेली माती धुऊन घ्यावी. खालचे पान कडेने पिवळे पडू लागले आणि बुंधा चिरला, तर ते झाड नांगराने मोडू नये, कापून बांधावर टाकू नये, चारीत तर मुळीच टाकू नये. बुंध्याच्या बाहेरच्या सोपटात लहानशी खिडकी कापून आत पाहावे. तांबूस तपकिरी उभ्या रेषा दिसल्या तर त्या झाडाभोवती दोरी लावून तेथील ठिबक बंद करावे आणि तालुका कृषी कार्यालयाला कळवून नमुना तपासणीसाठी पाठवावा. रेषा पाहून मर ओळखता येते, पण ती रेस १ ची की टीआर-४ ची हे डोळ्यांना दिसत नाही. ते बुरशीच्या जनुकांची चाचणीच सांगते.